बनावट हंस मांडले तरी थवा उतरत नाही. चूक कुठं होतेय?

शाडूमाती (ता. खटाव)

राम राम मंडळी.

मी मूर्तिकार. वडूजपासून थोडं आत आमचं गाव, घरात तिसरी पिढी गणपती करते. गणपती गेले, देवी बसून उठली की माघी गणपतीपर्यंत हाताला फारसं काम नसतं आणि नेमके त्याच दिवसांत आमच्याकडं हंस येतात. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असणारे. मंगोलिया, तिबेट, लडाखकडचा पक्षी हिमालय ओलांडून माझ्या गावच्या पाझर तलावावर उतरतो, ह्याचं सहा वर्षं झाली तरी मला नवल संपलेलं नाही.

मला शिकार करायची नाही, हे आधीच सांगतो. फोटोही काढायचे नाहीत. मला ह्या पक्ष्याची मूर्ती करायची आहे. झोपताना तो मान पाठीवर टाकतो तेव्हा ती नेमकी कुठं वळते, चरताना छाती किती खाली जाते, एका पायावर उभा असताना दुसरा पाय पोटात कुठं दडतो, हे दोनशे पावलांवरनं माझ्या जुन्या दुर्बिणीतून कळत नाही. शारदेच्या मूर्तीशेजारी आम्ही जो हंस करतो तो साच्यातला, पांढराशुभ्र, लांब मानेचा. तो डोळे मिटून करीन. पण तळ्यावरचा हंस करायला बसलो की हात थांबतो. मला चाळीस पावलांवर जायचं आहे, बास एवढंच.

बाहेरच्या देशांत बदकं, हंस जवळ बोलवायला त्यांच्यासारखेच पुतळे मांडतात हे ऐकून होतो. म्हणून गेल्या महिन्यात बारा हंस केले. अंग कागदाच्या लगद्याचं: रद्दी तीन दिवस भिजवून, कुटून, डिंक आणि व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) घालून सगळे एकाच साच्यातनं काढले. मान जाड तारेवर. रंग ऑइलपेंट, आणि दवानं खराब होऊ नयेत म्हणून वरनं वार्निशचे दोन हात. राखी अंग, पांढरं डोकं, पट्टे, नारिंगी पाय, पिवळी चोच आणि तिच्या टोकाला काळा ठिपका. रंगात मी काही कमी ठेवलं नव्हतं.

तलावाच्या पूर्वेच्या काठाला, पाण्यापासून चार पावलांवर, एका ओळीत, हातभर अंतरानं मांडले. सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. सगळ्यांच्या माना वर, कारण तो डौल मला आवडतो. मी त्यांच्या पाठीमागं वेड्या बाभळीत, काळं घोंगडं पांघरून.

पहिल्या सकाळी ऊन पडल्यावर चौतीस हंस रानातनं परतले. सरळ आले. पंख ताणून धरले, पाय खाली सोडले, माझा श्वास अडकला. तेवढ्यात त्यांचा आवाज बदलला. थवा उजवीकडं कलला, दोन फेऱ्या मारल्या आणि पलीकडं बांधाच्या दगडी पिचिंगखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी एकच फेरी. तिसऱ्या दिवशी तीही नाही. चौथ्या दिवशी ते तळ्यावर आलेच नाहीत. मी पुतळे गोळा करून घरी आणले आणि त्या दिवसापासून जीवाला चैन नाही.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून हंस परत यायला लागलेत, हे बरं झालं. पण मला समजून घ्यायचंय. पुतळे कमी पडले की जास्त झाले? रंगात खोट आहे का मांडणीत? मी कुठं बसायला हवं होतं? आणि हे करावंच का, हेही कुणी मोकळेपणानं सांगितलं तर वाईट वाटून घेणार नाही.

येरळाकाठ (मायणी)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो तुम्ही विचारलात ह्याचा मला आनंद झाला.

तुम्ही पुतळे हंसांच्या झोपायच्या खोलीत मांडलेत. हा पक्षी बराचसा रात्री आणि दिवस उगवता-मावळता चरतो. दिवसभर तळ्याच्या मोकळ्या काठावर नाहीतर पाण्यात विसावतो. रात्रभर चरून आलेला थवा पोट भरल्यावर झोपायला येतो आणि दारात बारा अनोळखी उभे. तो का उतरेल? विसाव्याच्या जागी काहीही मांडू नका, आता नाही आणि पुढंही नाही. एवढा लांबचा प्रवास केलेल्या पक्ष्याला इथं आल्यावर दोनच गोष्टी हव्या असतात, चरणं आणि विसावा. त्यातली एक आपण घेतली तर तो दुसरीकडं जातो. तुमच्या चौथ्या दिवसाचा अर्थ तोच आहे.

दुसरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हुसकावणं, आमिष दाखवणं हे सगळं त्या व्याख्येत बसतं, नुसता प्रयत्न केला तरी. तेव्हा पुतळ्यांजवळ मूठभर दाणेसुद्धा टाकू नका. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी, कानकात्रे ह्या तळ्यांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही. तुमचा पाझर तलाव त्यात नसला तरी कायदा सगळीकडं तोच. तुमच्या वनरक्षकाला गाठा, काय करायचं आहे ते कागदावर लिहून द्या. मूर्तीसाठी बघायचं आहे म्हटल्यावर माणूस ऐकून घेतो.

आणि तळ्यात किंवा काठावर मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. २००५ साली चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूनं जे पक्षी मोठ्या संख्येनं मेले त्यांत हेच हंस होते. तुम्ही रोज काठावर असता म्हणून सांगतो.

तासगावकर_सस्कॅचेवान

शाडूमाती दादा, तुमची पोस्ट वाचून रात्रपाळीवरनं आल्या-आल्या लिहायला बसलो. मी मूळचा तासगाव तालुक्यातला, इकडं कॅनडात धान्याचा ट्रक चालवतो. ज्या शेतकऱ्याचा माल मी ओढतो तो पिढीजात हंसांचा शिकारी. इथं त्याला परवाना, मोसम, रोजची मर्यादा सगळं ठरलेलं आहे. पाच वर्षं मी दर हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्याबरोबर पुतळे मांडायला जातो. बंदूक दोनदा हातात घेतली. तिसऱ्या वर्षापासून घेत नाही, नुसता मांडायला जातो आणि बघत पडतो. आपल्याकडं शिकार बंद आहे आणि ती तशीच राहावी. पण मांडणीची विद्या तुमच्या कामाची आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा तुमच्या माना. दादा, तुम्ही बाराच्या बारा हंस माना ताठ करून उभे केलेत. हंसांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘काहीतरी आलंय, उडायच्या तयारीत राहा’. निवांत थव्यात दहातले आठ माना खाली घालून चरत असतात, एखादा पिसं साफ करत असतो, एखादा बसलेला असतो आणि एक-दोनच राखण करतात. वरनं येणारा थवा रंग नंतर बघतो, आधी खालच्यांचा जीव स्वस्थ आहे का ते बघतो. तुमचा डौल आपल्या डोळ्याला डौल. त्यांना ती धोक्याची खूण दिसली.

अंतराचंही तसंच. घाबरलेले हंस एकमेकांजवळ गोळा होतात. निवांत असले की पांगतात. हातभर अंतरानं, एका ओळीत म्हणजे उडायच्या आधीचा थवा. दोन-तीन मोठी पावलं अंतर ठेवा, तेही सारखं नको. हंसांची कुटुंबं हिवाळाभर एकत्र असतात, नर-मादी आणि त्या वर्षीची पिल्लं. म्हणून इकडं तिघा-चौघांचे घोळके करतात आणि घोळक्या-घोळक्यात मोकळी जागा सोडतात. तोंडं सगळ्यांची एकीकडं नकोत. साधारण वाऱ्याकडं, पण कोण तिरपा, कोण आडवा.

वारा सगळ्यात मोठा. हंस वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, विमानासारखा. म्हणजे तो वारा जिकडं जातो त्या बाजूनं येणार. त्या बाजूला मांडणीचं तोंड उघडं ठेवायचं, घोड्याच्या नालासारखं, आणि मधोमध त्याला उतरायला रिकामी जागा. इकडचे लोक तिला भोक म्हणतात. मला आपल्या खळ्याची आठवण येते, म्हणून मी खळं म्हणतो. भोवतीनं पेंढ्या आणि मध्ये सारवलेलं मोकळं, तसं. मोठ्या पक्ष्याला धावपट्टी लागते, दुसऱ्याच्या डोक्यावरनं तो उतरत नाही. तुमच्या ओळीत खळंच नव्हतं. आणि आपल्याकडं थंडीच्या सकाळी वारा बहुधा पूर्वेकडनं. तुमचे पुतळे पूर्वेच्या काठाला, म्हणजे थवा पाण्यावरनं तुमच्याकडं तोंड करूनच आला असणार. सरळ तुमच्या बाभळीकडं बघत.

म्हणजे तुमची जागा. पुतळ्यांच्या बरोबर मागं बसलात, जिथं सगळ्या थव्याची नजर. हा पक्षी हुशार झाला की इकडचे जुने लोक लपण पुतळ्यांपासून बाजूला नेतात, तीस-चाळीस पावलं, वाऱ्याला आडवं. पक्षी पुतळ्यांकडं बघत उतरतो आणि तुम्ही त्याच्या बगलेला असता. काळं घोंगडं पिवळ्या गवतात भोकासारखं दिसतं. त्याच रानातला कडबा, गवत अंगावर घ्या, चेहरा आणि हात झाका. मान वर करून बघायचा मोह होतो, चेहऱ्यावर ऊन पडलं की संपलं. आणि कपडे चमक आणणाऱ्या पावडरीत धुतलेले नकोत. पक्ष्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो, असले कपडे त्यांना उजळलेले दिसतात.

वार्निशनं तर घातच केला. सकाळचं तिरपं ऊन, वर दव, खाली वार्निश. प्रत्येक हंसाच्या पाठीवर आरसा. आम्ही पहाटे फडकं घेऊन पुतळ्यांवरचं दव-हिम पुसत बसतो, एवढी चकाकी नडते. पीस कधी असं चमकत नाही.

आता संख्या. इकडं स्नो गीज जातीच्या पांढऱ्या हंसांसाठी शेकड्यांनी पुतळे मांडतात, कारण ते हजारोंच्या थव्यानं येतात. पण मोसम सरत आला, वाटेत ठिकठिकाणी गोळ्या खाल्लेले कॅनडा गीज असले की माझा शेतकरी पुतळे कमी करत जातो. दीडशेवरनं तीस, तीसवरनं आठ. मोठा जमाव त्यांनी पाहिलेला असतो आणि त्यातनं काय निघतं तेही. तुमच्या चौतिसांना चार सकाळींत तेच शिक्षण झालंय. सहा-सात पुतळे पुष्कळ. आणि एकदा बिनसलं की दुसऱ्या दिवशी तीच मांडणी तिथंच मांडायची नाही.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. आमचा हा बाबा मांडायच्या आदल्या संध्याकाळी दीड-दोन तास गाडी फिरवतो आणि हंस कुठल्या शेतात, शेताच्या कुठल्या कोपऱ्यात उतरतात ते बघून खुंटी मारून येतो. दुसऱ्या दिवशी पुतळे त्या खुंटीभोवती. शंभर पावलं इकडं-तिकडं झालं तरी चालत नाही. तुम्ही त्यांना तुमच्या जागी बोलवत होतात. ते ज्या जागी जाणारच आहेत तिथं तुम्ही आधी जाऊन बसायचं.

रब्बीरान (माण)

दादा, तुमी हंसाला बोलवताय आन आमी रात-रात जागून हाकलतोय. पाण्याची सोय झाल्यापास्नं आमच्या भागात हरभरा वाढला आन हंसाला आयतं ताट मिळालं. मागल्या साली माझा अर्धा एकर कवळा हरभरा दोन रातीत बोडका केला. शेंडा खुडत्यात, मूळ हलवत्यात, वर तुडवत्यात. राग येतो. पण त्यास्नी इजा करायची आमच्या घरात कुणाची छाती न्हाय. माझी आय म्हणती, पावणं हायती, लांबनं आल्यात, चार घास खातील.

बुजगावणं लावलं. पयल्या राती लांब बसले. दुसऱ्या राती जवळ आले. तिसऱ्या राती बुजगावण्याच्या पायाशी चरत हुते. मग मी रोज जागा बदलायला लागलो, कदी सदरा, कदी पोतं, तवा कुटं पाच-सात दीस टिकलं. म्हंजे त्यास्नी ध्यान हाय दादा. काय हललं न्हाय, काय बदललं न्हाय, ह्ये त्येनी बघून ठिवत्यात. तुमच्या पुतळ्याला बी त्येच लागू.

माझ्या वस्तीच्या खालतं पाट पाझरून दोन गुंठं हराळी हिरवीगार ऱ्हाती. तिथं दीस उगवायच्या वक्ताला दहा-पंधरा हंस रोज येत्यात, जाता-जाता चरून जात्यात. तुमच्या गावास्नं फार लांब न्हाय. या. बांधावर माझी कडब्याची जुनी गंज हाय, आत बसा. माझा हरभरा सोडून त्येनी हराळीत रमले तर मला बी बरंच हाय.

पालावरचा

मी फासेपारधी समाजातला. ह्या विषयावर बोलावं की नाही ह्याचा दोन दिवस विचार केला.

माझा आजा तितर धरायचा. पाळलेला तितर पिंजऱ्यात, पिंजऱ्याभोवती केसांचे फास. पाळलेला बोलायला लागला की रानातला भांडायला यायचा. आजा सांगायचा, पाखरू पिंजऱ्याला भुलत नाही, त्याच्या आवाजातल्या निवांतपणाला भुलतं. पिंजऱ्यातला तितर भेदरलेला असला तर दिवस वाया. वरती तासगावकर दादांनी मानांचं जे सांगितलं ते वाचून मला आजा आठवला.

ते काम आम्ही केव्हाच सोडलं. मी आता पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तळी दाखवतो. माझ्याकडनं दोनच गोष्टी घ्या.

पुतळे मांडायच्या आधी आठ-दहा दिवस नुसते जाऊन बसा. त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच कपड्यांत, अंधारात जाऊन अंधारातच बसायचं आणि पाखरं गेल्याशिवाय उठायचं नाही. पाखराला तुम्ही दिसत नाही असं समजू नका. त्याला तुम्ही माहीत झालेले असता, आणि त्यात काही वाईट घडलेलं नसतं. लपणापेक्षा हे मोठं. आणि त्याच्याकडं टक लावून बघू नका, निदान उतरत असताना तरी. शिकारी जनावर टक लावतं. आजा मान खाली घालून, कानानं बघायचा.

दुसरी गोष्ट. वनरक्षकाला कळवा म्हणाले ते बरोबरच, पण गावात पोलीसपाटलाला, शेजारच्या वस्तीला पण सांगून ठेवा. १९५२ साली सरकारनं आमच्या माथ्यावरचा गुन्हेगार जमातीचा शिक्का पुसला. तरी आजही पहाटे रानात आमचा माणूस गवतात बसलेला दिसला तर आधी चौकशी होते, मग नाव विचारतात. तुम्ही बसलात आणि कुणी गैरसमज करून घेतला तर त्याचा त्रास शेवटी आमच्या पालावर येतो. ही विनंती समजा.

शाडूमाती (ता. खटाव)

सगळ्यांचे उत्तर दोन-दोनदा वाचले. पालावरचे दादा, तुमची विनंती पहिली. आजच पाटलांना आणि वस्तीवरच्या तीन घरांना सांगून आलो. वनरक्षकांना अर्ज दिला. ते स्वतः हराळीची जागा बघायला येतो म्हणाले.

रब्बीरान दादा, उद्या पहाटेपासून गंजीत बसायला येतोय. पुतळे आणणार नाही, नुसता बसणार.

तासगावकर दादा, एक विचारतो. वार्निश खरवडलं, पण खालचा ऑइलपेंटही चमकतो. पूर्ण मॅट करायला वरनं शाडूचं पातळ पाणी फिरवलं तर चालेल का? दवात थोडं उतरेल, पण तीन-चार सकाळी टिकेल. लगद्याऐवजी दुसरं काही घ्यावं का?

तासगावकर_सस्कॅचेवान

शाडूचं पाणी उत्तम. उलट थोडं डागाळलं तर आणखी खरं दिसेल, चरणाऱ्या हंसाच्या छातीला चिखल असतोच.

दुसऱ्या काहीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. १९२४ साली अमेरिकेत नेवाडातल्या लवलॉक गुहेत अकरा बनावट बदकं सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या मूळ रहिवाशांनी पाणथळीतलं लव्हाळं वळून, बांधून अंग केलेलं, काहींवर रंग आणि खरी पिसं. तुमच्या तळ्याकाठी पाणकणीस आणि लव्हाळं भरपूर असेल. वाळलेल्या लव्हाळ्याचं अंग करून वर शाडू फिरवली तर वजनाला हलकं, चकाकी शून्य, आणि काठावर एखादा विसरला तरी मातीत मिसळेल. मात्र आपल्याकडं पिसं गोळा करून लावू नका, ती बाळगणंही कायद्यात अडचणीचं आहे.

अमेरिकेतही कधीकाळी शिकारी जिवंत पाळीव हंस बांधून रानातल्यांना बोलवायचे, दाणे टाकायचे. अमेरिकेनं दोन्ही गोष्टी १९३५ मध्ये बंद केल्या, कारण त्यात पक्ष्याला वाचायला वावच उरत नव्हता. पुतळ्याला मात्र तो ओळखू शकतो, तुमच्या चौतिसांनी ओळखला तसा. मला हे बरोबर वाटतं.

शाडूमाती (ता. खटाव)

उशीर झाला, पण झालं तसं सगळं सांगतो.

नऊ सकाळी गंजीत नुसता बसलो. पहिल्या दोन दिवशी हंस हराळीच्या पलीकडच्या टोकाला उतरले आणि लगेच उडाले. तिसऱ्या दिवसापासून ते माझी दखल घेईनात. गंज कित्येक महिने तिथंच आहे, त्यांना ती पाठ होती. तिच्या पोटात मी आहे हेही बहुधा पाठ झालं. ह्या नऊ दिवसांत ते जमिनीवर कुठं उतरतात ह्याचं मी टाचण करत गेलो. आधी जे मी पुतळ्यांनी करायला निघालो होतो त्यातलं अर्धं तिथंच, काही न मांडता झालं होतं.

पुतळे नवीन केले, सातच. लव्हाळ्याचं अंग, वर चिंध्या आणि शाडू, रंगात डिंक अगदी थोडा. जुन्या साच्याला हातही लावला नाही. प्रत्येक अंग वेगळं वळलं. चौघांच्या माना जमिनीला, एक पंखात चोच घातलेला, एक पोटावर बसलेला, एकच राखणदार, तोही पुरता ताठ नाही. वनरक्षकांनी तीन सकाळींची सवलत दिली: ऊन चढायच्या आत सगळं उचलायचं आणि हंस बिचकले तर त्याच दिवशी थांबायचं. पहिल्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर गंजीत होते.

पहिली सकाळ. तेरा हंस वरनं आले, एक फेरी मारली, ओढ्याच्या बाजूला उतरले. आवाज बदलला नाही. माझ्या दृष्टीनं ते पुष्कळ होतं. दुसऱ्या सकाळी वारा अजिबात नव्हता, पानही हलत नव्हतं, म्हणून मांडलंच नाही.

तिसऱ्या सकाळी पूर्वेकडनं झुळूक होती. मांडणीचं तोंड पश्चिमेला, मध्ये खळं, मी दक्षिणेच्या बगलेला. मान खाली घालून कानानं ऐकत बसलो. आधी पंखांचा आवाज आला, मग आपापसात बोलल्यासारखा हलका घोगरा आवाज. डोळे वर केले तेव्हा अकरा हंस जमिनीवर होते. खळ्यात नाही, खळ्याच्या बाहेर, माझ्यापासून साठ पावलांवर. तिथनं चरत-चरत ते आत आले. सगळ्यात जवळचा पस्तीस पावलांवर होता. नंतर मोजलं.

आता मी काय बघितलं ते लिहितो, कारण ह्याच्यासाठीच तर सगळं.

दोन पट्टे सारखे नाहीत. वरचा पट्टा एका डोळ्यापासनं दुसऱ्या डोळ्यापर्यंत डोक्यावरनं जातो, खालचा मानेच्या मागं, आखूड. मी बारा पुतळ्यांवर दोन्ही सारखे काढले होते. मानेच्या मागं गडद आहे आणि बाजूनं डोक्याचं पांढरं खाली ओघळत येतं, दुधाची धार सांडल्यासारखं. चरताना मान नुसती खाली जात नाही, ती आधी पुढं जाते आणि मग खाली, म्हणून छाती मला वाटत होती तेवढी झुकत नाही. शेपटी मात्र उचलली जाते. गवत तोडताना ते मान बाजूला हिसकतात. राखणीला एकच हंस होता, थोड्या वेळानं त्यानं मान खाली घातली आणि तेवढ्यात दुसऱ्यानं वर केली. त्यांच्यात हे कसं ठरतं ते मला दिसलं नाही, पण एकही क्षण मोकळा गेला नाही.

एक हंस झोपलेल्या पुतळ्याजवळ आला, दोन हातांवर. मान तिरकी करून एका डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ. मग तिथंच एक पाय पोटात घेऊन उभा राहिला आणि चोच पाठीवरच्या पिसांत घातली. पाय कुठं दडतो ते मला त्या वेळी कळलं. पोटाच्या मध्यावर नाही, बाजूला, पंखाच्या कडेच्या आत, आणि सगळं वजन दुसऱ्या पायावर घेण्यासाठी अंग किंचित कलतं. मूर्तीत हा कल आला नाही तर ती उभी राहिली तरी खोटी दिसेल.

पाऊण तास ते होते. माझा डावा पाय बधिर झाला होता तरी हललो नाही. मग ओढ्याकडनं कुणाच्या तरी म्हशीची घंटा वाजली, सगळ्या माना एकदम वर, आणि अकराही उठून तळ्याकडं गेले, घाई न करता. मी पुतळे उचलले, रब्बीरान दादांच्या घरी चहा घेतला आणि त्यांच्या आईला काय-काय दिसलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे पाहुण्यांनी तुला ओळख दिली.

ह्या हिवाळ्यात पुन्हा मांडणार नाही. सातही पुतळे गंजीशेजारच्या खोपटात ठेवलेत. येरळाकाठ काका, आमच्या तळ्यावरचे चौतीस काल एकोणचाळीस मोजले, पूर्वेच्या काठालाही बसतायत.

मूर्ती सुरू केली आहे. एका पायावर उभा, चोच पिसांत. शाडूतच करतोय, खऱ्या मापाची. कल आला आहे, पण त्या कलात आतली सळई वजन धरत नाही, काल रात्री घोट्यातनं वाकली. उद्या वडूजला जाऊन जाड सळई आणतो आणि पाय परत बसवतो.